पार्ल्याची लोकल आणि ताम्हिणीचा पाऊस

पुण्याहून पौड रस्त्याने ताम्हिणीकडे कधी गेलात तर पिरंगुटपर्यंतच्या जाहिराती वाचत जा. आई, बाबा, दोन मुलं, मागे हिरवळ, आणि शाळा किती मिनिटांवर आहे त्याचा आकडा. पुढे मुळशीचा जलाशय लागतो, रस्ता त्याच्या कडेकडेने ताम्हिणीला पोचतो आणि मग घाट कोकणात उतरतो. पायथ्याला रायगड जिल्ह्यात भिरा आहे. तिथे या जलाशयाचं पाणी वीज तयार करतं.

जाहिरात आणि जलाशय यांचा एकमेकांशी काही संबंध आहे, असं आपल्याला सहसा वाटत नाही. मलाही वाटलं नव्हतं. 'कुटुंबाला राहायला चांगलं उपनगर' ही कल्पना मराठी मध्यमवर्गात कशी रुजली हे मी शोधत होतो, आणि त्यासाठी मुंबईचेच कागद वाचत होतो. ताम्हिणी त्यात कुठेच नव्हती.

विलेपार्ल्याचं उदाहरण घेऊ. १८९६ च्या प्लेगनंतर मुंबईतल्या दाटीची सगळ्यांनाच धास्ती बसली. १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला, दादर-माटुंग्याकडे आखीव वस्त्या उभ्या राहू लागल्या. ज्यांना जमलं ते आणखी उत्तरेला, साष्टीत सरकले. १९२० मध्ये मुंबई उपनगर हा वेगळा जिल्हाच झाला. टिळकांचं निधन त्याच वर्षीचं. पार्लेकरांनी १९२१ मध्ये त्यांच्या नावाने शाळा काढली, पार्ले टिळक विद्यालय. आणि १९२३ मध्ये लोकमान्य सेवा संघ. चालत जाण्याइतक्या अंतरावर शाळा, व्याख्यानं, ओळखीचे शेजारी, आणि मूल एकटं रस्त्यावर गेलं तरी घोर नाही. आजच्या जाहिरातीत जे विकतात ते पार्लेकरांनी वर्गणी काढून उभं केलं होतं, हे मान्य करायलाच हवं.

पण हे सगळं एका अटीवर चालत होतं. कमावता माणूस सकाळी फोर्टातल्या कचेरीत आणि संध्याकाळी घरी पोचला पाहिजे. म्हणजे लोकल पाहिजे. इथे माझं विज्ञानाचं शिक्षण थोडं कामाला आलं. वाफेचं इंजिन लांब पल्ल्याला ठीक. पण दर दीड-दोन किलोमीटरवर थांबायचं आणि पुन्हा वेग घ्यायचा, हे त्याला जड जातं. विजेची मोटर थांबलेल्या अवस्थेतूनच जोर लावते. म्हणून त्याच रुळांवरून जास्त गाड्या सोडता येतात. ३ फेब्रुवारी १९२५ ला बोरीबंदर ते कुर्ला ही हार्बर मार्गावरची पहिली विजेची गाडी धावली. पार्ल्याच्या मार्गावर, बोरिवलीपर्यंत, वीज आली जानेवारी १९२८ मध्ये.

आणि भिरा केंद्र सुरू झालं १९२७ मध्ये. या दोन तारखा शेजारी-शेजारी दिसल्या तेव्हा मी ताम्हिणीकडे वळलो.

खोपोली (१९१५) आणि भिवपुरी (१९२२) यांच्यानंतरचं टाटांचं हे तिसरं जलविद्युत केंद्र. सह्याद्रीच्या कड्यावर प्रचंड पाऊस पडतो आणि स्वभावाने पूर्वेला, भीमेकडे वाहतो. नीला आणि मुळा यांच्या संगमाजवळ तो अडवून पश्चिमेला कड्यावरून खाली सोडला, की सुमारे ५०० मीटरची उंची फुकट मिळते. गणित करून बघा: एक घनमीटर पाणी, म्हणजे गच्चीवरची हजार लिटरची टाकी, एवढ्या उंचीवरून आली तर ४९ लाख जूल. गळती-घट धरून साधारण एक युनिट वीज. एका युनिटला एक टाकी! एवढं पाणी साठवायला केवढं खोरं लागेल, ते यावरून कळतं.

ते खोरं रिकामं नव्हतं. पन्नासच्या आसपास गावं, भातखाचरं, तिथला आंबेमोहोर. जमीन १८९४ च्या भूसंपादन कायद्याने घेतली गेली. १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीला, मावळ्यांनी कामावर जाऊन सत्याग्रह सुरू केला. 'जान किंवा जमीन' ही घोषणा तेव्हाची. पांडुरंग महादेव बापट इथेच 'सेनापती' झाले. विनायकराव भुस्कुटे त्यांच्या बरोबर होते. राजेंद्र व्होरा यांचं या लढ्यावरचं पुस्तक तुम्ही वाचलंच पाहिजे. त्यातला मला सर्वांत बोचलेला मुद्दा असा: अनेक जमिनींवर पुण्याच्या सावकारांचा हक्क होता. त्यांना चांगला मोबदला मिळाला तर धरण चालणार होतं. कुळाला मात्र मोबदल्याने काही परत मिळणार नव्हतं. आंदोलन तिथेच चिरलं. १९२४ च्या अखेरीस बापटांनी रेल्वे अडवली, त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली आणि लढा संपला.

वर्ष पुन्हा बघा. १९२१. पार्ल्यात टिळकांच्या नावाने शाळा उघडते आणि मुळशीत टिळकांच्याच परंपरेतले लोक कुळांबरोबर तुरुंगात जातात. या दोन गोष्टी मी वेगवेगळ्या वह्यांत लिहून ठेवल्या होत्या, आणि वर्षभर त्या एकत्र उघडल्या नाहीत. 'उपनगर' आणि 'धरण' अशी प्रकरणं आधीच पाडली की असं होतं.

आता सावधगिरीचं. पहिल्या मसुद्यात मी लिहिलं होतं की पार्ल्याची लोकल मुळशीच्या पाण्यावर धावली. मार्गदर्शकांनी समासात दोनच शब्द लिहिले: 'कुठलं पाणी?' बरोबर होतं त्यांचं. तिन्ही केंद्रांची वीज एकाच जाळ्यात जाते; तारेतल्या विजेवर गावाचा पत्ता नसतो. शिवाय पार्लं धरणाच्या आधीपासून वाढत होतं, आणि धरणाची वीज गिरण्यांनाही जात होती. मग मी वाक्य बदललं: उपनगराचं रोजचं वेळापत्रक ज्या वीजव्यवस्थेवर उभं राहिलं, तिचा एक मोठा भाग म्हणजे हे खोरं. वाक्य जरा बेचव झालं, पण त्याच्यामागे पुरावा आहे. तुमच्या मसुद्यातलं सर्वांत आवडतं वाक्य आधी तपासा. बहुतेक वेळा घोटाळा तिथेच असतो.

एक अडचण अजून सुटलेली नाही. पार्ल्यातल्या बालपणाबद्दल मराठीत भरभरून लिहिलं गेलंय. खोऱ्यातल्या बालपणाबद्दल माझ्याकडे खातेदाराचं नाव, क्षेत्र आणि मोबदल्याची रक्कम आहे. कुळाची बायको, मुलं, शेतमजूर यांना त्या रकान्यात जागाच नाही. त्यामुळे दोन्हीकडचं 'कुटुंब' एका तराजूत घालताना एक पारडं आधीच रिकामं असतं. सध्या मी जलाशयाच्या काठच्या वाड्यांतून जातोय, देवांची नावं विचारत. गाव पाण्याखाली गेलं तेव्हा कुठला देव वर आणला आणि कुठला खालीच राहिला, हे घराघरांत वेगवेगळं सांगतात. पावसाळ्यात तिथे जाऊ नका, टिपणवही वाचत नाही. उन्हाळ्यात पाणी उतरलं की जा.