काळा झगा, करडा झगा

भात खळ्यावर आले आणि नागलीची कणसे खुडून झाली, की आमच्या वांगणीच्या पायवाटांवर एकच लगबग सुरू होते. दिवाळीचे चार दिवस तारप्याचा सूर रात्ररात्र ऐकू येतो आणि मग पणत्या विझतात न विझतात तोच बोचकी बांधून कुटुंबेच्या कुटुंबे वीटभट्ट्यांच्या वाटेला लागतात. कोणी भिवंडीकडे, कोणी वसईकडे. जव्हार-मोखाड्याच्या डोंगरातल्या मास्तराला त्यामुळे वसई ही इतिहासाच्या पुस्तकात भेटण्याआधी हजेरीपटावर भेटते. नावापुढे गैरहजेरीच्या खुणा आणि शेऱ्याच्या रकान्यात एकच शब्द, 'वसई'.

यंदा मात्र वसईने मला एक पत्र धाडले. पत्र माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचे. तिची आई नर्स म्हणून काही वर्षे आमच्या भागात होती. मूळचे घर वसईकडच्या ख्रिस्ती वाडीतले. मुलगी चौथीपर्यंत माझ्या हाताखाली शिकली आणि पुढे आईची बदली झाली तशी निघून गेली. आता ती तेवीस वर्षांची आहे आणि तिला संन्यासिनी व्हायचे आहे. ख्रिस्ती लोक या हाकेला पाचारण म्हणतात. 'गुरुजी,' तिने लिहिले होते, 'पाचारण आहे एवढे नक्की वाटते. पण दारे तीन आहेत. एका मठातल्या सिस्टर शाळा चालवतात, दुसऱ्या रोग्यांची सेवा करतात, तिसऱ्या तर दाराबाहेरही पडत नाहीत, केवळ प्रार्थना करतात. मी कागदावर तीन रकाने आखून गुणदोष लिहिले, तर तिन्ही सारखेच भरले. तुम्ही कादंबऱ्या लिहिता, माणसे ओळखता, म्हणून विचारते.'

वाचकहो, माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंत आणि घर वारकऱ्याचे. तुळशीची माळ मला ठाऊक, जपमाळेतला मला काय अधिकार! तरी पत्र बाजूला ठेववेना. कारण हा प्रश्न आपल्या मराठी मातीला परका नाही. नामदेवांसारखा विठ्ठलाचा लाडका भक्तही विसोबा खेचरांच्या पायाशी जाऊन बसला, आणि बहिणाबाईने ब्राह्मणाच्या घरात राहून तुकोबांना गुरू केले. देव एक असला तरी त्याच्याकडे जाणाऱ्या पाऊलवाटा निरनिराळ्या, आणि कोणत्या पायाला कोणती वाट मानवेल हे वाटेच्या तोंडाशी उभे राहून कळत नाही. ख्रिस्ती परंपरेत प्रत्येक मठपंथाला त्याच्या संस्थापकाकडून मिळालेली एक खास देणगी मानतात. तिला ते कृपादान म्हणतात. कोणाला दारिद्र्याचे, कोणाला विद्येचे, कोणाला मौनाचे. मुलीचे तीन रकाने म्हणजे ही तीन कृपादाने होती.

तिला उत्तर द्यावे म्हणून मी पुस्तके चाळू लागलो आणि तिच्याच गावचा एक मनुष्य चारशे वर्षांपलीकडून समोर येऊन उभा राहिला. त्यानेही दोन दारे पाहिली होती, आणि त्यातले एक त्याच्या तोंडावर बंद झाले होते.

गोन्सालो गार्सिया हे त्याचे नाव. जन्म वसईचा, सुमारे १५५७ सालचा. बाप पोर्तुगीज, आई इथलीच. गुजराथच्या बहादूरशहाने १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगिजांना देऊन टाकली होती, त्याला तेव्हा वीसबावीस वर्षे झाली होती. फ्रान्सिस्कन साधू तेथे आधी आले. मागून येशूसंघी, म्हणजे जेझुइट, आले. खुद्द फ्रान्सिस झेवियर १५४८ साली वसईत होता. पुढे डोमिनिकन आले, ऑगस्टिनियन आले. आज किल्ल्यात फिरताना या मठांचे अवशेष हाकेच्या अंतरावर लागतात, जणू आळंदीला दिंड्यांच्या राहुट्या एकमेकींना खेटून पडाव्यात.

पोर वाढला तो येशूसंघाच्या पंडितांच्या हाताखाली. पंधरा-सोळा वर्षांचा असताना त्यांच्याबरोबर जहाजाने जपानला गेला आणि तेथे त्याने अशी करामत केली की मोठमोठ्या विद्वान पाद्र्यांना जी जपानी भाषा वर्षानुवर्षे दाद देत नव्हती, ती या वसईच्या पोराने थोड्याच दिवसांत जिभेवर खेळवली. (दोन बोलींत वाढलेल्या मुलाला तिसरी भाषा लवकर येते, हे मी आमच्या वर्गात रोज पाहतो. वारली घरातून आलेले पोर मराठी पुस्तकाला सुरुवातीला बिचकते खरे; पण एकदा सूर सापडला की गुरुजींनाच शब्द सुचवू लागते.) सुमारे आठ वर्षे गोन्सालो तेथे लोकांना धर्म शिकवीत होता. त्याच्या मनात एकच होते: हा काळा झगा आपल्याही अंगावर यावा. संघाने त्याला घेतले नाही.

का घेतले नाही? त्या काळच्या वरिष्ठांचे हिंदुस्थानात जन्मलेल्यांविषयी आणि मिश्र रक्ताच्यांविषयी मत फारसे चांगले नव्हते. पूर्वेकडच्या कारभारावर देखरेख करणारा वालिन्यानो हा मोठा बुद्धिमान इटालियन. जपानी तरुणांना संघात घ्यावे म्हणून तो भांडला. पण हिंदुस्थानी माणसाबद्दल त्याचे मन आखडते होते. हेच गोन्सालोच्या आड आले असावे, असे मानायला जागा आहे. मला तर येथे राग आल्यावाचून राहात नाही. आठ वर्षे ज्याच्या जिभेवर काम चालले, त्याला जात पाहून उंबऱ्यावर थांबवायचे! आपल्याकडे चोखोबाला महाद्वारापाशी थांबवले, त्याचीच ही समुद्रापारची भावंड.

आता हा येशूसंघ कसा, हे थोडे सांगितले पाहिजे, कारण मौज अशी की वाट निवडावी कशी याचा सर्वांत बारीक विचार याच संघाच्या संस्थापकाने करून ठेवला आहे. इग्नाती लोयोला हा स्पेनमधला सरदारपुत्र. १५२१ साली पाम्प्लोना येथे तोफेच्या गोळ्याने त्याचा पाय मोडला. अंथरुणावर वाचायला शौर्यकथा मागितल्या, तर घरात होती ख्रिस्तचरित्र आणि संतचरित्रे. पडल्या पडल्या तो स्वप्ने पाही. कधी दरबारी स्त्रीसाठी पराक्रम करण्याची, कधी फ्रान्सिस किंवा डोमिनिक यांनी केले ते आपणही करून दाखवण्याची. दोन्ही स्वप्ने गोड होती. पण हळूहळू त्याच्या ध्यानात आले की पहिले ओसरल्यावर मन कोरडे पडते आणि दुसरे ओसरल्यावरही समाधान रेंगाळते. एवढ्याशा निरीक्षणावर त्याने पुढे आपले 'आध्यात्मिक साधना' हे पुस्तक उभारले. पोपने त्याला १५४८ साली मान्यता दिली. निवडीच्या तीन वेळा त्यात सांगितल्या आहेत. कधी हाक इतकी स्वच्छ येते की शंकाच उरत नाही. कधी मनात येणाऱ्या आनंदाची आणि खिन्नतेची चाल पाहून ओळखावे लागते. आणि दोन्ही नसेल तेव्हा शांतपणे बसून लाभहानी मांडावी. परक्या माणसाला आपण काय सल्ला दिला असता ते पाहावे. मरणाच्या अंथरुणावरून मागे वळून पाहिले तर काय निवडलेले बरे वाटेल, तेही पाहावे.

मुलीचे रकाने या तिसऱ्या प्रकारातले, हे तेव्हा मला उमगले. ती पहिल्या दोन्ही पायऱ्या ओलांडून थेट हिशेबाच्या वहीपाशी येऊन बसली होती.

फ्रान्सिसची गोष्ट अगदी निराळी. असिसीच्या कापडव्यापाऱ्याचा हा मुलगा, जन्म ११८१-८२ चा. त्याने ना साधनेचे पुस्तक लिहिले, ना विद्यापीठे काढली. महारोग्याला पाहून त्याच्या अंगावर काटा येई. एके दिवशी त्यालाच कवटाळले आणि तेथून त्याचे आयुष्य पालटले. बापाचे कपडेसुद्धा परत करून तो भिक्षेला लागला. त्याच्या साधूंना 'धाकटे बंधू' म्हणतात. एक पंथ माणसाला घडवून जगाच्या टोकाला पाठवणारा. दुसरा माणसाच्या हातातले सारे काढून घेऊन त्याला रित्या हाताने गरिबाच्या दारी उभा करणारा.

संघाच्या दारातून परतलेला गोन्सालो व्यापारी झाला. जपानी येत होते, दर्यावर्दी माणसे ओळखीची होती; धंदा चांगलाच भरभराटला. व्यापाराच्या निमित्ताने मनिलाला जाई तेव्हा अनवाणी फिरणाऱ्या फ्रान्सिस्कन साधूंशी गाठ पडली आणि १५८८ च्या सुमारास पैसा, धंदा सोडून त्याने करडा झगा अंगावर घेतला. पाद्री नव्हे, साधा बंधू. मला वाटते, येथे फ्रान्सिसच्या गोष्टीने त्याला बरोबर गाठले. रित्या हाताने येण्यात गोडी ज्याचे हात एकदा भरले होते त्यालाच कळते.

१५९३ साली फिलिपाइन्सच्या स्पॅनिश गव्हर्नराने जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्याकडे वकील पाठवला तो एक फ्रान्सिस्कन साधूच, पेद्रो बाप्तिस्ता. दुभाष्या म्हणून बरोबर गोन्सालो. म्हणजे काळ्या झग्याच्या सावलीत शिकलेली भाषा करड्या झग्याच्या कामी आली. पण जपानात दोन्ही पंथ समोरासमोर आले तेव्हा भांडण अटळ होते. पोपच्या १५८५ च्या आज्ञेने जपान हे येशूसंघाचे राखीव क्षेत्र होते, आणि १५८७ मध्ये हिदेयोशीने पाद्र्यांना देश सोडण्याचा हुकूम काढल्यापासून जेझुइट फार जपून, सरदारांची मने राखून, आवाज न करता काम करीत होते. हे नवे साधू उघड झगा घालून क्योटोच्या रस्त्यांत हिंडत, चर्च बांधीत, महारोग्यांसाठी इस्पितळ चालवीत. जेझुइट म्हणत, हे आपल्या सर्वांना बुडवणार. फ्रान्सिस्कन म्हणत, हे घाबरले. खरे सांगायचे तर दोघांचेही थोडे थोडे खरे होते.

ऑक्टोबर १५९६ मध्ये मनिलाहून मेक्सिकोकडे निघालेले 'सान फेलिपे' हे मालाने भरलेले स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्याला लागून फुटले. माल जप्त झाला, त्यातून संशय वाढला आणि हिदेयोशीने साधूंना पकडण्याचा हुकूम सोडला. धरलेल्यांच्या डाव्या कानाचे तुकडे कापून त्यांची क्योटोत धिंड काढली आणि ऐन थंडीत महिनाभर चालवत नागासाकीला नेले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी निशिझाका टेकडीवर सव्वीस जणांना क्रुसावर चढवले. सहा फ्रान्सिस्कन, तीन जेझुइट आणि सतरा साधे संसारी जपानी ख्रिस्ती. वीस जपानी, चार स्पॅनिश, एक मेक्सिकन आणि एक आमचा वसईकर. वय चाळिशीच्या घरात.

त्या तिघा जेझुइटांपैकी दोघे अजून संघात रीतसर घेतलेलेही नव्हते. क्रुसावर चढण्यापूर्वी अगदी शेवटच्या घटकेला त्यांची व्रते झाली. हे वाचताना मी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो. ज्या दारातून गोन्सालोला परत पाठवले होते, ते त्याच टेकडीवर दुसऱ्यांसाठी असे उघडले.

त्याला संतपद मिळाले ८ जून १८६२ रोजी. हिंदुस्थानात जन्मलेला तो पहिला कॅथलिक संत. १९६२ साली नागासाकीत सव्वीस जणांचे स्मारक उभे राहिले. त्यातली एक मूर्ती त्याची आहे. वसईत त्याच्या नावाचे महाविद्यालय आहे. आणि किल्ल्यातले येशूसंघाचे जे पुरातन चर्च, त्यालाच लोक आज गोन्सालो गार्सियाचे चर्च म्हणतात. ज्यांनी त्याला घेतले नाही त्यांच्या चर्चला लोकांनी त्याचे नाव देऊन टाकले! लोकांचा न्याय असा असतो.

हे सारे मी मुलीला सहा पाने लिहून कळवले. सल्ला असा दिला नाही. एवढेच विचारले की रकाने भरण्यापूर्वी त्या तिन्ही ठिकाणी आठवडा आठवडा राहून आलीस का, आणि परतताना एस.टी.त बसल्यावर मनाला काय वाटत होते? आणखी एक विचारले. यातल्या कोणी तुला नको म्हटले, तर तू काय करशील?

उत्तराला दोन महिने लागले. तिने लिहिले, 'गुरुजी, दोन ठिकाणांहून परतताना मी बसमध्ये झोपून गेले. एका ठिकाणाहून परतताना झोप लागली नाही, आणि तरी थकवा वाटला नाही. पण तेथे जागा नाही म्हणाल्या तर? रात्रभर विचार केला. मग वाटले, गोन्सालोने धंदा केला, तसे मीही काहीतरी करीन, आणि पुन्हा विचारीन.' खाली ताजा कलम होता: 'आई रडते आहे. तिच्यासाठी एक पत्र वेगळे लिहा.'

ते पत्र मी लिहिले. या सहा पानांपेक्षा ते जड गेले.

गेल्या आठवड्यात तिचा अर्ज आला, शुद्धलेखन तपासायला. कोणत्या मठाच्या नावे होता ते येथे सांगत नाही. दोन वेलांट्या आणि एक अनुस्वार दुरुस्त केला आणि दुसऱ्या दिवशी जव्हारला जाणाऱ्या माणसाबरोबर टपालात टाकायला दिला.