मिरांडा कार्डाची कुळकथा

कॅलिफोर्नियातल्या नेवाडा काउंटीचे सरकारी वकील हॅरल्ड बर्लिनर यांचा स्वतःचा छापखाना होता. त्या छापखान्यातून एक छोटे प्लास्टिकचे कार्ड बाहेर पडले. त्याआधी, १३ जून १९६६ रोजी, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘मिरांडा विरुद्ध अ‍ॅरिझोना’ या खटल्यात निकाल दिला होता, की कोठडीतल्या माणसाची चौकशी सुरू करण्यापूर्वी पोलिसांनी त्याला त्याचे हक्क सांगितलेच पाहिजेत. न सांगता घेतलेला जबाब सरकार पक्षाला आरोप सिद्ध करायला वापरता येणार नव्हता. काय सांगायचे ते निकालात होते, ठरीव मजकूर मात्र नव्हता. बर्लिनर आणि कॅलिफोर्नियाच्या सरकारी वकील डोरिस मायर यांनी तो तयार केला. तुम्हाला गप्प राहण्याचा अधिकार आहे. तुम्ही जे बोलाल ते न्यायालयात तुमच्याविरुद्ध वापरले जाऊ शकते, आणि वापरले जाईल. वकिलाशी बोलण्याचा, चौकशीच्या वेळी त्याला जवळ ठेवण्याचा तुम्हाला अधिकार आहे. वकील परवडत नसेल तर चौकशीआधी तो नेमून दिला जाईल. कार्डे पोलिसांच्या खिशात गेली, ‘ड्रॅगनेट’ या पोलिसी मालिकेने ती वाक्ये घरोघरी नेली आणि पुढे अमेरिकी सिनेमाने जगभर पोचवली.

ही वाक्ये म्हणजे उदारमतवादी न्यायाधीशांनी गुन्हेगारांना दिलेली भेट, असा समज अमेरिकेत आहे आणि आपल्याकडेही. त्यांचे कूळ शोधत मागे गेले की वेगळेच दिसते. गप्प राहण्याचा हक्क फार जुना आहे. १९६६ साली नवे काही घडले असेल तर ते एवढेच, की हा हक्क सांगण्याचे कर्तव्य शासनावर आले. ज्याचा फायदा समोरच्याच्या अज्ञानात आहे त्यानेच ते अज्ञान दूर करायचे. माझ्या मते या सगळ्या प्रकरणाचे मर्म तिथे आहे, आणि न्यायालय त्या निष्कर्षावर कनवाळूपणाने आलेले नाही. बाकीचे सगळे उपाय करून पाहिल्यावर आले.

हक्काचे मूळ इंग्लंडात सापडते. तिथे स्टार चेंबर नावाचे न्यायासन माणसाला आधी शपथ घ्यायला लावी आणि मग वाटेल ते विचारी. आरोप काय, हेही आधी कळत नसे. १६३७ साली जॉन लिलबर्न या तरुणाने ही शपथ घ्यायला साफ नकार दिला. त्याला गाडीमागे बांधून फटके मारत लंडनच्या रस्त्यांतून नेले. १६४१ मध्ये स्टार चेंबरच बरखास्त झाले. ही स्मृती घेऊन अटलांटिकपार गेलेल्यांच्या वारसांनी १७९१च्या पाचव्या घटनादुरुस्तीत लिहिले, की फौजदारी खटल्यात कोणालाही स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडले जाणार नाही. पण हे बंधन फक्त केंद्र सरकारवर होते. १८३३ साली सर्वोच्च न्यायालयाने तसे स्पष्टच सांगितले. खून, दरोडे, बलात्कार यांचा तपास करणारे पोलीस राज्यांचे, शहरांचे, काउंटींचे. त्यांना पाचव्या घटनादुरुस्तीतले हे बंधन लागू झाले थेट १९६४ मध्ये. म्हणजे जिथे या हक्काची खरी गरज, तिथेच तो पावणेदोनशे वर्षे पोचला नव्हता.

त्या रिकाम्या जागेत काय चालत होते ते मिसिसिपी राज्यातल्या केम्पर काउंटीत दिसते. १९३४च्या मार्च महिन्याच्या अखेरीस तिथे एका गोऱ्या शेतमालकाचा खून झाला. संशय तीन काळ्या शेतमजुरांवर घेतला गेला. एकाला जमावाने डेप्युटी शेरीफच्या देखत झाडाला टांगले, खाली उतरवले, पुन्हा टांगले. तरीही तो कबूल होईना, तेव्हा झाडाला बांधून फटके मारले. एक-दोन दिवसांनी त्याला पुन्हा पकडून, सांगतील ते म्हणायला तयार होईपर्यंत मारले. उरलेल्या दोघांना तुरुंगात उघडे करून खुर्च्यांवर पालथे घातले आणि बक्कल असलेल्या चामडी पट्ट्याने पाठी फोडल्या; कबुलीजबाब हवा तसा जुळेपर्यंत मार थांबला नाही. आठवडाभरात खटला उभा राहिला आणि दोन दिवसांत संपलाही. झाडाला टांगलेल्या आरोपीच्या गळ्यावर दोराचा वळ अजून दिसत होता. डेप्युटीने मारहाण नाकारलीच नाही. काळ्या माणसाच्या मानाने फार मारले नाही, अशा अर्थाचे उत्तर त्याने शपथेवर दिले. तिघांना फाशीची शिक्षा झाली आणि राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. १९३६ साली ‘ब्राउन विरुद्ध मिसिसिपी’ या निकालात वॉशिंग्टनच्या न्यायालयाने ती एकमताने रद्द केली. आधार घेतला तो १८६८च्या चौदाव्या घटनादुरुस्तीचा, म्हणजे गुलामगिरी संपल्यानंतर राज्यांवर घातलेल्या न्याय्य प्रक्रियेच्या बंधनाचा. छळ करून घेतलेली कबुली म्हणजे प्रक्रियाच नव्हे, असे सरन्यायाधीश ह्यूज यांनी लिहिले.

यानंतर तीस वर्षे न्यायालयाने एकच कसोटी लावली: कबुली स्वेच्छेने दिली होती का? दिसायला ही कसोटी अगदी रास्त आहे, आणि तिच्यावरच भागवायला हवे होते असे म्हणणारे आजही आहेत. पण तिचा अनुभव पाहा. चामडी पट्टा मागे पडला आणि पाळीपाळीने चालणारी चौकशी आली. १९४४च्या ‘अ‍ॅशक्राफ्ट’ खटल्यात टेनेसीतल्या एका माणसाला प्रखर दिव्याखाली छत्तीस तास जागे ठेवून विचारले होते. विचारणारे थकले की बदलत, तो मात्र तिथेच. असे प्रत्येक प्रकरण न्यायालयापुढे आले की नवे मोजमाप करावे लागे: किती तास, किती झोप, वय काय, शिक्षण किती. आत काय झाले याचे साक्षीदार दोनच पक्ष, आणि त्यातला एक गणवेशात. खालच्या न्यायालयांनी गणवेशावर विश्वास ठेवला यात नवल नाही. पोलिसांच्या शिकवणीची पुस्तके तर उघडच सांगत होती, की संशयिताला त्याच्या घरी विचारू नका, तिथे त्याला धीर असतो. आपल्या खोलीत आणा, एकटा ठेवा, तो गुन्हेगार आहे हे गृहीत धरूनच बोला, एकाने दरडावायचे आणि दुसऱ्याने कनवाळू व्हायचे. मिरांडा निकालात सरन्यायाधीश अर्ल वॉरन यांनी या पुस्तकांतले उतारेच्या उतारे दिले आहेत. अंगाला बोट न लावता मन मोडता येते, हे त्यांना पुस्तकांतूनच सिद्ध करता आले.

शेवटच्या दोन पायऱ्या मला सगळ्यांत बोलक्या वाटतात. १९६० साली शिकागोत डॅनी एस्कोबेडो नावाचा बावीस वर्षांचा तरुण चौकशीच्या खोलीत वकील मागत होता आणि त्याचा वकील त्याच इमारतीत त्याला भेटू देण्याची विनंती करत फिरत होता. उघड्या दारातून दोघांनी एकमेकांना क्षणभर पाहिले. पोलिसांनी भेट काही होऊ दिली नाही. १९६४ साली न्यायालयाने त्याची शिक्षा रद्द केली. पण त्याने वकील मागितला तरी होता. ज्याला मागायचे असते हेच ठाऊक नाही, त्याचे काय? एर्नेस्टो मिरांडा हा तो माणूस. मार्च १९६३ मध्ये फिनिक्स शहरात अपहरण आणि बलात्काराच्या संशयावरून त्याला धरले. शाळा आठवीनंतर सुटलेली. दोन तासांत त्याने कबुली लिहून दिली, तीही अशा छापील कागदावर, ज्यावर ‘माझ्या कायदेशीर हक्कांची मला पूर्ण कल्पना आहे’ असे आधीच लिहिलेले होते. वकील मागता येतो असे त्याला सांगितले होते का, या प्रश्नावर पोलीस अधिकाऱ्याने उलटतपासणीत ‘नाही’ असे उत्तर दिले. सर्वोच्च न्यायालयात त्याचे वकील जॉन फ्लिन यांनी मांडलेला मुद्दा असा: श्रीमंत, शिकलेल्या आणि खंबीर माणसाला हा हक्क आपोआप मिळतो, प्रश्न उरलेल्यांचा आहे. त्या उरलेल्यांसाठी पाच विरुद्ध चार मतांनी निकाल लागला.

विरोधात लिहिणाऱ्या न्यायमूर्ती व्हाइट यांचा आक्षेप भावनिक नव्हता. या नियमापायी एखादा खुनी वा बलात्कारी मोकळा सुटेल आणि पुन्हा तेच करील, असे त्यांनी बजावले. पीडितेच्या बाजूने पाहिले तर हा आक्षेप झटकून टाकता येत नाही. पण ज्या खटल्यात नियम जन्मला तिथे काय झाले? मिरांडावर १९६७ साली कबुलीजबाबाविना पुन्हा खटला चालला, त्याच्याबरोबर राहिलेल्या स्त्रीने साक्ष दिली आणि तो पुन्हा दोषी ठरला. शिक्षा तीच, वीस ते तीस वर्षांची. केंद्रीय तपास संस्था एफबीआय निकालाआधीपासूनच संशयितांना अशी सूचना देत होती, लष्करी कायद्यात ती १९५० पासून आहे, आणि यांपैकी कोणाचेही काम बंद पडले नव्हते. दुसरा आक्षेप असा, की हा कायदा न्यायाधीशांनी स्वतःच रचला. अमेरिकेच्या काँग्रेसने १९६८ साली कायदा करून जुनी ‘स्वेच्छेची’ कसोटी परत आणलीही. २००० साली ‘डिकरसन’ खटल्यात तो कायदा घटनाबाह्य ठरला, सात विरुद्ध दोन मतांनी. निकाल लिहिला मिरांडावर वर्षानुवर्षे टीका करणाऱ्या सरन्यायाधीश रेनक्विस्ट यांनी. ही सूचना आता राष्ट्राच्या संस्कृतीचाच भाग झाली आहे, असे त्यांना मान्य करावे लागले.

खरा बिनतोड आक्षेप तिसरा आहे, आणि तो दुसऱ्या बाजूने येतो: कार्ड वाचून होते काय? बहुसंख्य संशयित हक्क सोडून बोलायला लागतात. १९८९ साली न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधल्या बलात्कार प्रकरणात पाच किशोरवयीन मुले पकडली गेली. त्यांना हक्क वाचून दाखवले होते. तरी तासन्‌तास चाललेल्या चौकशीनंतर मुलांनी न केलेला गुन्हा कबूल केला. २००२ साली खरा गुन्हेगार पुढे आला, डीएनए जुळला आणि त्यांच्या शिक्षा रद्द झाल्या. न्यायालयाने स्वतःही हा हक्क पोखरला आहे. २०१०च्या ‘बर्गुइस’ निकालानुसार गप्प राहण्याचा हक्क हवा असेल तर तसे स्पष्ट बोलून सांगावे लागते. जवळपास तीन तास गप्प बसणे पुरेसे नाही. हे मला मूळ तत्त्व उलटे करणे वाटते, कारण अज्ञानाचा भार पुन्हा अज्ञानी माणसावरच टाकला गेला. म्हणून मिरांडा टाकाऊ आहे असे मी मानत नाही. तो अपुरा आहे. चौकशीचे सुरुवातीपासून शेवटपर्यंत चित्रीकरण, आणि अल्पवयीन असेल तर वकिलाशी बोलणे झाल्याशिवाय चौकशीच नाही, हे त्याचे पुढचे टप्पे आहेत. अलास्काच्या न्यायालयाने १९८५ मध्येच ध्वनिमुद्रण बंधनकारक केले आणि कॅलिफोर्निया, मेरीलँड यांनी अलीकडे मुलांसाठी वकिलाचा नियम केला.

वॉरन यांच्या निकालात भारताचाही उल्लेख आहे. पोलिसांपुढची कबुली भारतात १८७२ पासून पुराव्यात धरत नाहीत आणि तरी तिथला कायदा-सुव्यवस्थेचा गाडा अडलेला नाही, हे त्यांनी दाखला म्हणून दिले. ते पुरावा अधिनियमाचे कलम २५. आज भारतीय साक्ष्य अधिनियमात ते कलम २३ म्हणून आहे. त्याचा जन्मही छळातूनच झाला. मद्रास इलाख्यातल्या छळाची चौकशी करणाऱ्या आयोगाने १८५५ मध्ये अहवाल दिला होता. भारताने सूचना देण्यापेक्षा सरळ बंदी घातली आणि माझ्या मते ती अधिक भक्कम होती. महाराष्ट्राने संघटित गुन्हेगारीविरुद्धच्या १९९९च्या मोक्का कायद्यात ती उठवली: अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यापुढची कबुली ग्राह्य, मात्र ‘तुमच्यावर सक्ती नाही, कबुली तुमच्याविरुद्ध वापरली जाऊ शकते’ असे आधी सांगायचे. २००६च्या मुंबई लोकल स्फोटांच्या खटल्यात अशाच कबुलीजबाबांवर भिस्त होती. जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते विश्वासार्ह मानले नाहीत आणि बाराही आरोपींना निर्दोष ठरवले. हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये, असे त्याच आठवड्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. अंतिम निर्णय काहीही लागो, नुसत्या सूचनेवर किती भार टाकावा हा प्रश्न मुंबईतही तोच आहे.

मुंबईवरच्या २००८च्या दहशतवादी हल्ल्यात दोषी ठरलेल्या अजमल कसाबच्या अपिलातही मिरांडाचा आधार घेतला गेला होता. २९ ऑगस्ट २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो युक्तिवाद फेटाळला, फाशी कायम केली, पण त्याच निकालात देशातल्या सर्व न्यायदंडाधिकाऱ्यांना निर्देश दिला: अटकेतला माणूस पहिल्यांदा समोर आला की वकील घेणे हा त्याचा हक्क आहे आणि पैसे नसतील तर सरकारी खर्चाने वकील मिळेल, हे त्याला सांगा, न सांगणे ही कर्तव्यातली कसूर धरली जाईल. तेव्हा तुमच्या ओळखीतल्या कोणाला अटक झाली, तर पहिल्या रिमांडलाच वकील मागा. १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार कोठडीतल्या कोणत्याही माणसाला तो मोफत मिळतो आणि त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही.