टेनिस एल्बो : नाव रॅकेटचे, पहिली नोंद लेखणीची

१/ कोपराच्या बाहेरील हाडाजवळच्या या दुखण्याचे वर्णन जर्मन वैद्य रुंगे यांनी १८७३ साली केले, ते लिहिताना हाताला येणाऱ्या पेटक्यांवरील लेखात. विम्बल्डनची पहिली स्पर्धा भरायला तेव्हा चार वर्षे अवकाश होता!

२/ १८८२ मध्ये हेन्री मॉरिस यांनी ‘लॉन टेनिस आर्म’ म्हटले, तर पुढल्या वर्षी मेजर यांनी (हे आडनाव, हुद्दा नव्हे) ‘लॉन टेनिस एल्बो’. नाव चिकटले, लेखनिक मागे पडले.

३/ खरी गफलत कारणाबाबत झाली. कंडरेचा दाह मानून दीर्घकाळ उपचारही दाहावरच होत राहिले. पुढे स्टेरॉइडची सुई आली. १९७९ मध्ये अमेरिकी शल्यविशारद नर्शल आणि पेट्रोन यांनी शस्त्रक्रियेत काढलेली कंडरा सूक्ष्मदर्शकाखाली तपासली, तेव्हा ठळकपणे दिसले ते विस्कळीत, अर्धवट सांधलेले तंतू. वारंवारच्या ताणाने होणारी झीज शरीराच्या दुरुस्तीला मागे टाकत होती. सुईने काही आठवडे आराम पडतो. वर्षभरानंतर मात्र ती घेतलेल्यांची स्थिती न घेतलेल्यांहून वाईट आढळली आहे. म्हणून आज आधी ताण कमी करतात, मग मनगटाला थोडेथोडे वजन पेलायला लावतात. बहुतेकांना शस्त्रक्रिया लागत नाही.

४/ सचिनला लागली. २००४ मध्ये कोपर दुखावले, मे २००५ मध्ये लंडनला शस्त्रक्रिया झाली आणि हा शब्द मराठी घराघरांत पोहोचला. ऑक्टोबरमध्ये नागपुरात श्रीलंकेविरुद्ध तो परतला, तो ९३ धावा करूनच.