आऊटबोर्ड मोटर वेग का घेत नाही? जुन्या दोन स्ट्रोक यंत्राची क्रमवार तपासणी

गोव्याच्या किनाऱ्यावर पारंपरिक मासेमारी करणाऱ्या होड्यांच्या मागे आजही जुन्या दोन स्ट्रोक आऊटबोर्ड मोटारी मोठ्या संख्येने दिसतात. वजनाला हलके, रचनेला साधे आणि दुरुस्तीला सोपे असे हे यंत्र वीस-वीस वर्षे सेवा देते. मात्र वय वाढले की एक तक्रार हमखास उद्भवते. मोटर सुरू होते, संथ गतीने नीट चालते. पण थ्रॉटल उघडताच गुदमरते, दम तोडते आणि होडीला उचल मिळत नाही. हा दोष केवळ गैरसोयीचा नाही. मांडवीच्या मुखाशी आग्वादजवळचा वाळूचा पट्टा किंवा बेतूल येथील साळ नदीचे मुख ओलांडताना लाटेच्या आधी पुढे सरकण्याची ताकद मोटारीत नसेल, तर प्रसंग जिवावर बेतू शकतो.

दोषाचे स्वरूप आधी ओळखावे

वेग न घेण्याचे तीन प्रकार आहेत आणि प्रत्येकाची कारणे वेगळी असतात. थ्रॉटल एकदम उघडल्यावर मोटर क्षणभर अडखळते व नंतर सावरते, हा पहिला प्रकार. यात संशय बहुधा कार्ब्युरेटरवर जातो. मोटर काही वेळ जोरात चालते आणि मग हळूहळू मंदावते, हा दुसरा. येथे इंधनपुरवठा अपुरा पडत असतो किंवा यंत्र तापत असते. मोटारीचे फेरे भरपूर वाढतात पण होडी जागची हलत नाही, हा तिसरा प्रकार. त्यात दोष यंत्राचा नसून पंख्याचा असतो. हा भेद न करता सुटे भाग बदलत गेल्यास पैसा जातो आणि दोष मात्र कायम राहतो.

बाहेरून आत

तपासणीचा आरंभ होडीपासून करावा. तळाला कालवे-शेवाळ चिकटले असेल, होडीत पाणी साचले असेल किंवा जाळ्यांचा भार सारा मागे आला असेल, तर चांगली मोटरही थकते. पंख्याची पाती वाकलेली वा तुटलेली नाहीत ना, दांड्याला जाळ्याचा दोरा गुंडाळलेला नाही ना, हे पाहावे. अनेक पंख्यांच्या मध्यभागी रबराचा बुश असतो. तो सुटला की दांडा फिरतो, पण पंखा मागे राहतो. बुश आणि पंखा यांवर रंगाची एक सरळ रेघ ओढून होडी चालवावी. परतल्यावर रेघ तुटलेली दिसली, तर निदान झाले.

मोटारीची उंचीही महत्त्वाची असते. पंख्याच्या वरची आडवी पट्टी साधारणपणे होडीच्या तळाच्या पातळीत असावी. ती फार वर राहिली, तर पंखा हवा खेचतो आणि पाण्यावरची पकड सुटते.

इंधनाचा मार्ग

टाकीच्या झाकणावरील हवेचा स्क्रू बंद राहणे हे सर्वांत साधे आणि सर्वाधिक विसरले जाणारे कारण आहे. इंधन ओढले जाते, हवा आत येत नाही आणि काही मिनिटांत मोटर मंदावते. अशा वेळी नळीवरील रबरी फुगा चपटा झालेला आढळतो. स्क्रू उघडा असूनही फुगा चपटा होत असेल, तर टाकीतील जाळी तुंबलेली असते. फुगा दाबूनही कडक होत नसेल, तर नळीच्या जोडातील रबरी कड्या किंवा फुग्यातील झडप निकामी झालेली असू शकते.

मोटर गुदमरत असतानाच फुगा दाबून पाहणे ही एक उपयुक्त कसोटी आहे. दाबताच मोटर सावरली, तर प्रज्वलनाकडे वळण्याआधी नळी, गाळणी आणि इंधनपंपाचा पातळ पडदा तपासावा. जुन्या पंपातील हा पडदा कडक होतो वा फाटतो आणि त्याची किंमत फारशी नसते.

आता मिळणाऱ्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलने एक नवी अडचण आणली आहे. इथेनॉल हवेतील ओलावा शोषते. पाण्याचे प्रमाण वाढले की ते इथेनॉलसह तळाशी वेगळे होते. शिवाय जुन्या मोटारीतील रबरी भाग अशा इंधनासाठी बनवलेले नसतात. पावसाळ्यात टाकीत पडून राहिलेले पेट्रोल हंगामाच्या आरंभी वापरू नये. तेलाचे प्रमाण उत्पादकाच्या पुस्तिकेप्रमाणेच ठेवावे. अनेक मोटारींसाठी ते ५०:१, म्हणजे लिटरमागे २० मिलिलिटर असते. काही जुन्या यंत्रांना याहून अधिक तेल लागते. तेल कमी पडल्यास पिस्टन जळतो, अधिक झाल्यास प्लग काळे पडतात.

ठिणगी

प्लग काढून त्यांचा रंग पाहावा. फिकट तपकिरी रंग समाधानकारक. काळा व ओला प्लग अतिरिक्त इंधन किंवा दुबळी ठिणगी दर्शवतो. पांढरा पडलेला प्लग इंधन कमी पडत असल्याचा इशारा असतो आणि तो दुर्लक्षिल्यास पिस्टनला भोक पडू शकते. दोन सिलिंडरांच्या मोटारीत एक सिलिंडर बंद असला तरी ती संथ गतीने चालते, मात्र भार घेत नाही. प्रत्येक सिलिंडरची ठिणगी चाचणी उपकरणाने तपासावी. चालू मोटारीच्या तारा हाताने उपटू नयेत. धक्का बसतो आणि इलेक्ट्रॉनिक इग्निशनचा संच निकामी होऊ शकतो. खाऱ्या हवेत अर्थिंगचे जोड गंजतात, ते घासून स्वच्छ करावेत.

कार्ब्युरेटर आणि चोक

थ्रॉटल उघडताच हवा तत्काळ वाढते, पण इंधन तितक्या त्वरेने वाढत नाही. जेट अंशतः तुंबलेला असेल, तर मिश्रण विरळ होते आणि मोटर दम तोडते. अडखळण्याच्या क्षणी चोक किंचित ओढून पाहावा. मोटर सुधारली, तर मिश्रण विरळ आहे. जेट तारेने खरवडू नयेत, भोक मोठे होते. योग्य द्रावणात स्वच्छ करून दाबाच्या हवेने फुंकावेत. थ्रॉटलची पाकळी पूर्ण उघडते का, आणि तिच्यासोबत ठिणगीची वेळ पुढे नेणारा दांडा सरकतो का, हेही पाहावे. तो अडकल्यास इतर सारे ठीक असूनही वेग येत नाही.

अखेरीस यंत्राचे अंतरंग

वरील सर्व ठीक असेल तर दाब मोजावा. सर्व प्लग काढून, तारा अर्थ करून, थ्रॉटल पूर्ण उघडून दोरी चार-पाच वेळा ओढावी. आकड्याइतकेच महत्त्व सिलिंडरांतील समानतेला आहे. दोहोंत दहा-पंधरा टक्क्यांहून अधिक तफावत असल्यास रिंग, सिलिंडर वा हेड गॅस्केटचा दोष संभवतो. कार्ब्युरेटरच्या तोंडातून इंधनाचे तुषार मागे उडत असतील, तर रीड झडपेचे पाते तुटलेले असू शकते. ही कामे जाणकार मेकॅनिककडे सोपवावीत.

घ्यावयाची काळजी

मोटर पाण्याविना क्षणभरही चालवू नये, शीतकरणाच्या पंपाची रबरी चक्री जळते. पाण्याची बारीक धार अखंड येते का, यावर सतत लक्ष असावे. पिंपात चालवून पाहिलेली मोटर भाराखाली तशीच वागेल असे नाही. म्हणून अंतिम चाचणी नदीच्या शांत पात्रात, सोबत दुसरी होडी, वल्ही आणि जीवरक्षक जाकीट घेऊन करावी. एका वेळी एकच बदल करावा आणि त्याचा परिणाम पाहूनच पुढे जावे. या क्रमाने गेल्यास बहुतेक दोष स्वस्त भागांतच सापडतात. पूर्ण वेग मिळेपर्यंत मात्र नदीमुख ओलांडण्याचे धाडस करू नये.