झडप बदलल्यानंतर : हृदयशस्त्रक्रियेच्या इतिहासाची उरलेली बाजू

हृदयाच्या ऑपरेशनचा इतिहास सांगताना आपण बहुतेक वेळा ‘पहिलं कोणी केलं’ इथून सुरुवात करतो. फेब्रुवारी १९६८ मध्ये मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातलं पहिलं हृदयप्रत्यारोपण केलं, हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. तो रुग्ण काही तासच जगला. पण सेनांच्याच विभागात १९५० च्या दशकापासून एक कमी गाजलेलं काम चालू होतं : आखडलेल्या झडपा मोकळ्या करण्याचं. त्या झडपांचा इतिहास आज आपण पाहू. तो मुंबईत सुरू होत असला, तरी आपल्याला यायचंय नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात.

आधी आजार समजून घेऊ. हृदयात चार झडपा असतात. रक्त पुढे जाऊ द्यायचं आणि मागे येऊ द्यायचं नाही, एवढंच त्यांचं काम. आपल्याकडे तरुण वयात झडप खराब होण्याचं मोठं कारण म्हणजे संधिवाताचा ताप. साधारण ५ ते १५ वर्षांच्या मुलाचा घसा स्ट्रेप्टोकोकस नावाच्या जंतूने दुखतो. दोन-तीन आठवड्यांनी गुडघे, घोटे सुजतात, ताप येतो. सांधे बरे होतात आणि घरचे विसरून जातात. झडप मात्र पुढची कित्येक वर्षं हळूहळू जाड होत, चिकटत जाते. एका खोलीत सात-आठ माणसं झोपतात, तिथे हा जंतू सहज पसरतो. म्हणून हा गरिबाघरचा आजार.

चिकटलेली झडप उघडायची कशी? १९२५ मध्ये लंडनला हेन्री सौटर यांनी एका तरुण मुलीच्या धडधडत्या हृदयात बोट घालून ती सैल केली. मुलगी वाचली, पण सौटरांकडे दुसरा रुग्ण कोणी पाठवलाच नाही! पुढची २३ वर्षं हा रस्ता बंद राहिला. १९४८ मध्ये अमेरिकेत बेली आणि हार्केन, इंग्लंडमध्ये ब्रॉक यांनी तो पुन्हा उघडला. ही ‘बंद’ शस्त्रक्रिया. हृदय थांबवायचं नाही, आत डोळ्यांनी पाहायचं नाही, बोटाला जे कळेल तेवढंच करायचं. तिला महागडं यंत्र लागत नव्हतं. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा, झडप स्वतःचीच राहत असल्यामुळे धातूच्या झडपेसाठी लागणारी जन्मभराची गोळीही त्यातून मागे लागत नव्हती.

पण झडप फारच खराब झाली असेल तर बोटाने भागत नाही. हृदय उघडावं लागतं, त्यासाठी थांबवावं लागतं आणि तेवढा वेळ शरीराला रक्त दुसऱ्या कोणीतरी पुरवावं लागतं. ६ मे १९५३ ला फिलाडेल्फियात जॉन गिबन यांच्या यंत्राने हृदय आणि फुप्फुस या दोघांचं काम २६ मिनिटं सांभाळलं. १९६० मध्ये अल्बर्ट स्टार आणि लोवेल एडवर्ड्स यांनी पिंजऱ्यातल्या चेंडूसारखी कृत्रिम झडप बसवली. १९६२ मध्ये वेल्लोरला डॉ. गोपीनाथ यांनी यंत्राच्या आधाराने ओपन हार्ट शस्त्रक्रिया यशस्वी केली.

इथे इतिहासाला एक वळण लागलं, त्याकडे आपलं फारसं लक्ष जात नाही. धातूच्या झडपेवर रक्त गोठतं. गाठ झाली की झडप अडकते, किंवा गाठ सुटून मेंदूत जाते आणि लकवा होतो. म्हणून रक्त पातळ ठेवायची गोळी आली, ती कायमची. या गोळीची कुळकथा गमतीची आहे. अमेरिकेत सडका चारा खाऊन गाई रक्तस्रावाने मरत होत्या, त्यातलं द्रव्य शोधता शोधता वॉरफरिन निघालं. १९४८ पासून ते उंदरांसाठी विकलं गेलं, १९५४ मध्ये माणसांसाठी मान्य झालं. म्हणजे मात्रा जास्त झाली तर रक्तस्राव, कमी झाली तर गाठ. यातला मधला रस्ता दाखवते ती आय.एन.आर. ही रक्ततपासणी. निरोगी माणसाचा आकडा १ च्या आसपास असतो. धातूची झडप असेल तर, ती कुठल्या जागी आहे त्यानुसार, बहुधा २ ते ३.५ च्या दरम्यान ठेवतात.

झडप परदेशी होती तोवर किंमत हीच मोठी अडचण होती. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. वलियाथन यांच्या चमूने आधीची मॉडेलं फसल्यावरही काम सोडलं नाही. डिसेंबर १९९० मध्ये भारतीय बनावटीची चित्रा झडप पहिल्यांदा माणसाला बसवली गेली. ऑपरेशनच्या खर्चाचा प्रश्न सरकारी योजनांनी हलका केला. राजीव गांधी जीवनदायी योजना २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली. २०१३ मध्ये ती राज्यभर लागू झाली, तेव्हा आपला जिल्हा त्यात आला. २०१७ पासून तिलाच महात्मा फुले यांचं नाव आहे. नगरचं आनंदऋषीजी रुग्णालय, शिर्डीचं साईबाबा रुग्णालय यांमुळे एके काळी पुण्या-मुंबईला घेऊन जाणारं ऑपरेशन जिल्ह्यातच होऊ लागलं.

मग प्रश्न सुटला का? ऑपरेशन काही तासांचं. छातीचं मधलं हाड कापून पुन्हा स्टीलच्या तारेने बांधतात, ते जुळायला ६ ते ८ आठवडे लागतात. तोवर हंडा उचलायचा नाही, मोटारसायकल चालवायची नाही, खोकताना छातीशी उशी धरायची. रोज थोडं थोडं चालणं वाढवायचं. भूक जाते, झोप लागत नाही, विनाकारण रडू येतं. हे बहुतेकांना होतं आणि हळूहळू ओसरतं. ताप आला, जखमेतून पू आला किंवा दम वाढला, तर मात्र थांबायचं नाही.

इथवर घरचे सांभाळतात. अवघड भाग येतो तो दिवाळीनंतर. पाथर्डी, शेवगाव, जामखेडमधून टोळ्या ऊसतोडीला निघतात. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता, उचल आधीच घेतलेली, मुक्काम कारखान्याजवळच्या कोपीत. तपासणीला जायचं म्हणजे खाडा, आणि खाडा म्हणजे पैसे कापले जाणार. झडप बसवलेल्या माणसाने महिन्याच्या महिन्याला आकडा बघायचा कसा? त्यात त्याला बरं वाटत असतं, दम लागत नसतो. ‘आता कशाला गोळी?’ असं म्हणायला एवढं पुरतं. झडप अडकते ती अशा वेळी.

म्हणून आम्ही म्हणतो, झडपेची निवडसुद्धा माणूस कुठे आणि कसा राहतो ते विचारून व्हायला हवी. जमेल तिथे स्वतःची झडप दुरुस्त करणं, योग्य रुग्णात फुग्याने ती उघडणं, हेही मार्ग आहेत. प्राण्यांच्या ऊतींची झडप असेल तर बहुधा ही गोळी कायमची लागत नाही, पण तरुण माणसात ती लवकर झिजते आणि पुन्हा ऑपरेशन येतं. मूल हवं असणाऱ्या बाईशी हे सगळं ऑपरेशनच्या आधीच बोललं पाहिजे, कारण वॉरफरिनचा गर्भावर परिणाम होऊ शकतो आणि गोळी अचानक सोडली तर आईचा जीव धोक्यात येतो.

ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांनी चार गोष्टी पाळाव्यात. गोळी रोज ठरल्या वेळी. मेथी, पालक, शेपू बंद करायची गरज नाही, प्रमाण एकसारखं ठेवा. अंगदुखीची गोळी डॉक्टरांना न विचारता घेऊ नका. दात काढण्याआधी दातांच्या डॉक्टरांना झडपेबद्दल सांगा. टोळीबरोबर निघण्यापूर्वी कारखान्याजवळ तपासणी कुठे होते ते विचारून ठेवा आणि कार्ड सोबत बांधा.

आणि घरातल्या लहान मुलाचा घसा दुखून मग सांधे सुजले, तर ते अंगावर काढू नका. संधिवाताच्या तापाचं निदान झालं तर दर तीन आठवड्यांनी पेनिसिलीनचं इंजेक्शन वर्षानुवर्षं घ्यावं लागतं. त्याने झडपेवरचा पुढचा घाला टळतो. ते इंजेक्शन स्वस्त आहे आणि ते द्यायला मोठं रुग्णालय लागत नाही. आता आपले प्रश्न घेऊ या.