प्रस्तावना : अतिदक्षता विभागातले सायनस

अतिदक्षता विभागातला ताप भल्याभल्यांना चकवतो. छातीचा फोटो झाला, लघवी तपासून झाली, शिरेतली नळी बदलली, तरी ताप उतरत नाही. मग कुणाला तरी सायनसची आठवण होते. रुग्ण गुंगीत, गाल ठणकतोय हे सांगणार कोण? नाकातून घातलेली नळी सायनसची तोंडं बुजवते, रुग्ण सतत उताणा असतो आणि स्राव आतच साचतो. खाटेजवळ काढलेल्या एक्स-रेत हाडांच्या छाया एकमेकींवर पडून गोंधळ होतो. सीटी स्कॅनमध्ये तो उरत नाही, म्हणून त्याच्यावर आपला भरवसा.

मात्र सायनस भरलेला दिसणं वेगळं, त्यात जंतुसंसर्ग असणं वेगळं, हे आधीच सांगितलेलं बरं. सीटीवरची घनता सांगणाऱ्या हाउन्सफील्डच्या मापात हवा उणे १००० आणि पाणी शून्य. पण साधा स्राव आणि पू यांचे आकडे एकमेकांत मिसळतात. १९९४ मध्ये ग्वाल्टनी आणि सहकाऱ्यांनी साध्या सर्दीच्या ३१ जणांचे सीटी काढले, तर २७ जणांच्या गालाच्या सायनसमध्ये बिघाड दिसला. त्याच वर्षी फ्रान्समध्ये रूबी आणि सहकाऱ्यांनी कृत्रिम श्वासावरच्या रुग्णांचे सायनस टोचून पाहिले. स्कॅनवर सायनसायटिस दिसलेल्यांपैकी खरा संसर्ग ३८ टक्क्यांतच निघाला.

म्हणून स्कॅन काढूच नये का? तसंही नाही. होल्झाप्फेल यांच्या १९९९ च्या अभ्यासात, नाकातून श्वासनळीत नळी घातलेल्या रुग्णांना ताप आला की सीटी काढून सायनसायटिस शोधला आणि त्यावर उपचार केले. न्यूमोनिया आणि मृत्यू दोन्ही कमी झाले. आता ही नळी बहुधा तोंडातूनच घालतात, तेव्हा तो निष्कर्ष आजच्या वॉर्डाला जसाच्या तसा लावता येत नाही. शिवाय व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला स्कॅनच्या खोलीपर्यंत नेणं हीच एक जोखीम असते, आणि मागणीचा कागद भरताना तिचा हमखास विसर पडतो.

म्युकरमायकोसिस या बुरशीजन्य आजाराची गोष्ट निराळी. २०२१ मध्ये कोविडमागून तो आला तेव्हा महाराष्ट्रानेही त्याचा मोठा तडाखा सोसला. तिथे नुसती भरलेली पोकळी पाहून थांबायचं नसतं. गालाच्या सायनसमागची चरबी धूसर झाली आहे का, हे आधी पाहावं. हाड शाबूत दिसत असतानाही बुरशी पलीकडे पोचलेली असू शकते. शंका असेल तर एमआरआय आणि बायॉप्सी, त्याच दिवशी.