गारव्याच्या कारागिराची पेटी

रंधा दिसला कीं सुतार आठवतो, ऐरण दिसली कीं लोहार. गारवा निर्माण करणें हाहि आतां एक धंदा झाला आहे. परंतु त्या कारागिराची पेटी उघडली तर पाने, पकडी आणि स्क्रू-ड्रायव्हर यांखेरीज तींत जीं मुख्य हत्यारें सांपडतात, तीं तोडण्याचीं किंवा ठोकण्याचीं नसून पाहण्याचीं असतात. उष्णता डोळ्यांना दिसत नाहीं, नळींतील दाब दिसत नाहीं, आणि नळी आंतून खरोखर रिकामी झाली कीं नाहीं हें तर मुळींच दिसत नाहीं. या तीन अदृश्य गोष्टी दृश्य करावयास युरोपांतील विद्वानांच्या कित्येक पिढ्या खर्चीं पडल्या. आज बीड जिल्ह्यांतील एखादा नवशिका तरुण ती सारी विद्या एका पिशवींत घालून मोटारसायकलीवरून गांवोगांव हिंडतो.

बीडचा उन्हाळा कडक आणि कोरडा. तेव्हां गारव्याची विद्या येथें नवी नाहीं. शहराच्या दक्षिणेस असलेली खजाना बावडी सोळाव्या शतकांत, अहमदनगरच्या मुर्तजा निजामशाहाच्या अमदानींत बांधली गेली. तिच्यांतील पाणी भुयारांतून येतें आणि भुयारांतूनच शेतीकडे जातें, म्हणजे उन्हाची व त्याची गांठ शेवटीं पडते. त्याच कारकीर्दींत अहमदनगराजवळ, आतांच्या अहिल्यानगराजवळ, फराह बाग पुरी झाली. तेथील महाल तलावाच्या मध्यभागीं असल्यामुळें कोणत्याहि दिशेचा वारा पाण्यावरूनच आंत येई. गरिबाघरीं हेंच काम माठ आणि रांजण करीत, श्रीमंताघरीं वाळ्याचे भिजलेले पडदे. या सर्वांना मोजमाप एकच होतें, तें म्हणजे तळहात.

१८३४ हें साल या इतिहासांत लक्षांत ठेवण्याजोगें आहे. त्या वर्षीं अमेरिकेंतील बॉस्टनच्या तळ्यांवर कापलेला बर्फ जहाजांतून मुंबईस उतरला. जमशेटजी जिजीभाई यांच्या मेजवानींत आइस्क्रीम वाढलें गेलें आणि यजमानांसह पाहुण्यांना पडसें झालें, अशी त्या वेळच्या वृत्तपत्रांतील हकीकत प्रसिद्ध आहे. त्या बर्फाच्या धंद्याचीं हत्यारें करवत, चिमटा आणि भुसा एवढींच. पण त्याच वर्षीं लंडन येथें जेकब पर्किन्स यानें बर्फ करण्याच्या यंत्राचें पेटंट घेतलें. ईथर नळींत उकळावयाचा, त्याची वाफ पंपानें दाबावयाची, बाहेर थंड करून पुन्हां पातळ करावयाची, आणि लहानशा छिद्रांतून परत सोडावयाची. आज बहुतेक घरांतील फ्रिज याच चार पायऱ्यांनीं चालतो. पर्किन्सला धंद्यांत यश आलें नाहीं. परंतु चिमट्याचें राज्य संपावयास तेथूनच आरंभ झाला.

नव्या कारागिरानें पहिलें हत्यार कोणतें घ्यावें? पुष्कळ जण पाने आणि गॅसचें नळकांडें आधीं घेतात. खरें पाहतां पहिला मान तापमापकाचा. फॅरनहाइट यानें १७१४ च्या सुमारास पाऱ्याचा विश्वसनीय तापमापक केला. सेल्सियस यानें १७४२ सालीं शंभर अंशांची पट्टी सुचविली, तीहि प्रथम उलटी, म्हणजे उकळणारें पाणी शून्यावर आणि बर्फ शंभरावर! प्राथमिक आरोग्य केंद्रांतील लशींची पेटी दोन आणि आठ अंश सेल्सियस यांच्या दरम्यान राहावी लागते. आठांच्या वर लस हळूहळू निकामी होते, हें सर्वांस ठाऊक असतें. पण घटसर्प, धनुर्वात, कावीळ-ब यांवरील लशी गोठल्या तरी वायां जातात, हें ठाऊक नसतें. “चांगलें थंड करून दिलें आहे” असें म्हणून पेटी उणे दोनावर सोडून जाणारा कारागीर कोणाच्या तरी मुलाचें संरक्षण काढून घेतो, आणि लशीकडे नुसतें पाहून तें सहसा कळत नाहीं. फळांचीहि हीच कथा. बीडच्या सीताफळाला २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. पण तें फळ फार थंडींत ठेवलें तर त्याची साल काळी पडते. गारवा म्हणजे जास्तींत जास्त थंडी नव्हे.

दाबाचें गेज हें दुसरें हत्यार. १८४९ सालीं पॅरिसच्या युजेन बूर्दों यानें चपटी, वाकविलेली पितळी नळी घेऊन एक टोंक बंद केलें. आंत दाब वाढला कीं नळी सरळ होऊं पाहते आणि कांटा फिरतो. तीं गेजें आगगाडीच्या इंजिनांसाठीं झपाट्यानें पसरलीं. गारव्याच्या कारागिरापाशीं अशीं दोन असतात, एक निळें आणि एक तांबडें. कमी दाबाच्या आणि जास्त दाबाच्या बाजूंस तीं जोडतात. वैद्य दोन्ही हातांच्या नाड्या पाहतो, तसाच हा प्रकार.

व्हॅक्यूम पंप हें तिसरें, आणि सर्वांत अधिक टाळलें जाणारें हत्यार. १६५० च्या सुमारास माग्डेबुर्गच्या ओटो फॉन गेरिक यानें हवा उपसण्याचा पंप केला आणि पुढें दोन अर्धगोल जोडून, आंतील हवा काढून, दोन्हीकडे घोडे जुंपून दाखविले, गोल सुटेनात. लोकांना ती जादू वाटली. आज त्या जादूचें काम साधें आहे. उघडलेल्या नळींत हवेबरोबर दमटपणा शिरतो. पंपानें दाब पुरेसा उतरविला म्हणजे पाणी साध्या उष्णतेंतच उकळतें आणि वाफ होऊन बाहेर जातें. हें न करतां, थोडा गॅस सोडून “हवा निघाली” असें म्हणण्याची वाईट चाल फार ठिकाणीं आहे. राहिलेलें पाणी केसासारख्या बारीक नळीच्या तोंडाशीं गोठतें. फ्रिज थांबतो, बर्फ वितळतो, फ्रिज पुन्हां चालूं लागतो, आणि घरचीं माणसें विजेला दोष देतात. उरलेला ओलावा तेलाशीं मिळून आम्ल तयार करतो व कॉम्प्रेसरची तार खातो. पंपाला अर्धा-पाऊण तास लागतो. तो अर्धा तास वाचविण्यापायीं गिऱ्हाइकाचे हजारों रुपये जातात.

बाकीचीं हत्यारें थोडक्यांत सांगतां येतील. तांब्याची नळी कापावयाचा कटर, तिचें तोंड पसरविण्याचें फ्लेअरिंग टूल, डाख देण्याची बत्ती, तार न तोडतां विजेचा प्रवाह मोजणारा चिमट्याचा मीटर. गळती शोधावयास साबणाचा फेस अद्यापहि कोणास हार जात नाहीं. नळींत दाब भरून पाहावयाचा तर नायट्रोजनच भरावा. ऑक्सिजन भरल्यास तेलाशीं गांठ पडून स्फोट होतो.

एक हत्यार मात्र फार थोड्यांच्या पेटींत आढळतें: एकाच्या फुग्याला ओली वात गुंडाळलेले दोन तापमापक. हवा कोरडी असेल तर ओला तापमापक पुष्कळ खालीं उतरतो. विलिस कॅरियर यानें १९०२ सालीं ब्रुकलिनच्या छापखान्यासाठीं हवेचा ओलावा ताब्यांत आणण्याची योजना केली, आणि १९११ सालीं या दोन आंकड्यांवरून हवेचें गणित मांडून दाखविलें. वैशाखांत बीडला या दोन कांट्यांत मोठें अंतर असतें, म्हणून पाण्याचा कूलर उत्तम चालतो. श्रावणांत तें अंतर मिटतें आणि तोच कूलर खोलींत नुसता दमटपणा भरतो. ज्याला हें वाचतां येतें तो कारागीर एसी विकत घेऊं पाहणाऱ्यास “कूलर पुरे” असें सांगूं शकतो. परळीच्या औष्णिक वीजकेंद्रांतील शीतकरण मनोरे याच नियमानें चालतात; पाणी हवेंत विरून जातें तेव्हां उरलेलें थंड होतें. २०१३ च्या दुष्काळांत पाण्याअभावीं तें केंद्र बंद ठेवावें लागलें. कोळसा होता, पण पाणी नव्हतें.

पेटींत शेवटीं आलेलें हत्यार म्हणजे वजनकांटा. १९३० च्या सुमारास अमेरिकेंत निघालेला फ्रिऑन हा विषारी नव्हता, पेट घेत नव्हता. म्हणून तो अंदाजानें भरला तरी चाले आणि हवेंत सोडला तरी कोणी हटकीत नसे. तो आकाशांतील ओझोनचें आवरण खातो, असें १९७४ सालीं मोलिना आणि रोलंड यांनीं दाखविलें. १९८७ सालीं माँट्रियल करार झाला, आणि भारत त्यांत १९९२ सालीं सामील झाला. तेव्हांपासून जुना गॅस नळकांड्यांत परत घेण्याचें यंत्रहि कारागिराच्या सामानांत आलें. नव्या घरगुती फ्रिजांत बहुधा आयसोब्युटेन असतो. तो ओझोनला अपाय करीत नाहीं, पण स्वयंपाकाच्या गॅससारखा पेटतो. त्याची भरती बहुधा शंभर ग्रॅमांच्याहि आंत असल्यामुळें, सोनाराच्या पेढीवर असतो तसा नाजूक कांटा आतां फ्रिज दुरुस्त करणाऱ्यास बाळगावा लागतो. आणि बत्ती पेटविण्यापूर्वीं खिडक्या उघडून, नळींतला वायू घराबाहेर सोडून, नळ्या नायट्रोजननें धुवून घ्याव्या लागतात.